हाड म्हणाले ते जबड्याचं

चिखली,
६ जानेवारी

विहीणबाई इंद्रायणीताई,

नमस्कार. रागावलेल्या माणसालाही नमस्कार घ्यावाच लागतो, तेव्हा आधी तो घ्या आणि मग पुढे वाचा.

तुम्ही फोन उचलत नाही. मोबाइलवर लिहिलेलं वाचता, पण उत्तर देत नाही. म्हणून हा कागद. तुमचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. हातात आलेला कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही, या भरवशावर लिहिते आहे.

परवा दिव्याने एकदाचं खरं कारण सांगितलं. आजवर मी समजत होते की गुडघे दुखतात म्हणून तुम्ही नात बघायला आला नाहीत. व्याही एकटेच आले, बाळाच्या मुठीत चांदीचा खुळखुळा दिला, चहा प्यायले आणि "तिचे गुडघे" एवढंच म्हणून भूमला परत गेले. समर्थरावही तेच म्हणाले. जावई खोटं बोलत नाहीत अशी माझी समजूत होती. आता कळलं, की गुडघे ठणठणीत आहेत आणि मी फोनवर तुम्हाला कुत्र्यासारखं "हाड हाड" केलं म्हणून तुम्ही आमच्या दारात पाय ठेवणार नाही.

अहो, हाड म्हणाले ते जबड्याचं!

आता नीट ऐका. माझे खालचे पुढचे दोन दात बरेच दिवस हलत होते. दुखत मात्र अजिबात नव्हते, म्हणून मी लक्ष दिलं नाही. आपण बायका दुखल्याशिवाय दवाखान्यात जात नाही, आणि दुखलं तरी दिवाळी उरकून जातो. शेवटी भाकरी तोडताना एक दात ओठाकडे आडवा झाला, तेव्हा दिव्याचे बाबा मला इथल्याच डॉक्टर विजयश्रींकडे घेऊन गेले. पोरगी दिव्याच्या वयाची, पण तोंडात आरसा घातला की सासूसारखी बघते. तिने फोटो काढला, स्क्रीनवर दाखवला आणि म्हणाली, "काकू, दात चांगले आहेत तुमचे. दातांना धरणारं हाड गेलंय."

दातांना हाड धरून ठेवतं हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, मातीत मुळा असतो तसा दात हिरडीत असतो. तर नाही. हिरडी नुसतं पांघरूण. आत जबड्याच्या हाडाचा उंच बांध असतो, त्या बांधात एकेका दाताची खोबण, आणि खोबणीतही दात चिकटवलेला नसतो, बारीक धाग्यांनी टांगलेला असतो. म्हणून तर भातातला खडा आपल्याला लगेच कळतो. माझा तो बांध पुढच्या दातांपाशी निम्म्याहून खाली उतरलाय. दातांवर कीटण साचलं, हिरड्या सुजत राहिल्या आणि आत हाड गुपचूप विरघळत गेलं. त्यात माझी मिश्री. मिश्री लावणाऱ्याच्या हिरडीतून रक्तसुद्धा कमी येतं म्हणे, त्यामुळे घरात चोर शिरला तरी कुत्रं भुंकत नाही. (बघा, पुन्हा कुत्रं आलं. हे मात्र खरंच कुत्रं आहे.)

दिव्याच्या बाबांनी चाकणच्या कंपनीत जन्मभर मोठमोठ्या प्रेस बसवल्या. फोटो बघून ते म्हणाले, "फाउंडेशन गेलंय की ओ हे. मशीन चांगलंय, खालचं काँक्रीट खाल्लंय." डॉक्टर हसून "बरोबर, काका" म्हणाली. तेव्हापासून हे गल्लीतल्या सगळ्यांचे दात बघत फिरतायत.

ज्या दिवशी माझे ते दोन दात काढले, त्याच दिवशी तुमचा फोन आला. इंजेक्शनने ओठ मेल्यासारखे झालेले, तोंडात कापसाचा बोळा. ओठ मिटल्याशिवाय ब निघत नाही, प निघत नाही, म निघत नाही. तुम्ही पोरांना बाराखडी शिकवलेल्या, तुम्हाला मी काय सांगू? तुम्ही म्हणालात, "रविवारी येतो आम्ही." मला म्हणायचं होतं, "विहीणबाई, मला बोलता येत नाही, जबड्याचं हाड झिजलंय." एवढ्या वाक्यातून एकच शब्द स्वच्छ बाहेर पडला. आणि तुम्हाला नीट ऐकू जावं म्हणून तो मी दोनदा म्हणाले.

हसा आता. मी तर कळल्यापासून हसते आहे. दिव्या मात्र हसत नाही. २ फेब्रुवारीला, रविवारी, बारसं धरलंय. समर्थरावांना बहीण नाही, आणि आत्या नसेल तर बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान तुमच्याकडे आजीचा, हे मला दिव्यानेच सांगितलं. नाव दोघांनी ठरवून ठेवलंय, पण मला सांगत नाहीत. आधी आजीला सांगायचं, तीच बाळाला सांगेल, असा त्यांचा हट्ट. तुम्ही आला नाहीत तर बारसं करायचंच नाही म्हणते पोरगी. बाळंतिणीने डोळ्यांतून पाणी काढू नये, आणि ती रोज काढते. तोवर बाळाला आम्ही ठमी म्हणतो. एवढ्या गोड पोरीला जन्मभर ठमी राहावं लागलं तर ते तुमच्या नावावर.

खुलासा झाला. राग सोडा आणि या.

तुमची विहीण,
यशोदा


चिखली,
१६ जानेवारी

इंद्रायणीताई,

या वेळी नमस्कार थोडा कोरडा आहे.

तुमचा निरोप समर्थरावांकडून पोचला. "खुलासा वाचला, राग नाही. येणं जमणार नाही. कुर्र चुलत नणंदेकडून करून घ्या." एवढंच! शाळेतल्या फळ्यावरसुद्धा याहून जास्त लिहीत असाल.

राग नाही तर जमणार का नाही? मी इथे पानं भरून लिहिते, आणि तिकडून सूचना येते. वर संक्रांतीला मी मुद्दाम पाठवलेल्या तिळाच्या वड्या तुम्ही एक न चाखता शेजारी वाटून टाकल्या, हेही कळलं. समर्थराव भोळे आहेत, कौतुकाने सांगत होते, "आईने सगळ्या आळीला वाटल्या." चांगल्या कडक पाकाच्या वड्या होत्या. दात नाहीत तरी मी स्वतः पाक धरला होता.

मग आता मीही मनातलं काढते. दोन वर्षं गिळून बसले आहे. मोशीच्या कार्यालयात तुमच्यासाठी विहिणीची पंगत मांडली होती. चांदीचं ताट, भोवती रांगोळी, उदबत्त्या. आमच्या बायका घसा ताणून गाणी म्हणत होत्या. तुमच्या ताटात जिलबी होती, ती आमच्या बार्शीहून खास आचारी आणून तळून घेतली होती. तुम्ही काय केलंत? वरणभाताचे चार घास, तेही तोंडावर पदर धरून, आणि उठलात. जिलबीचा तुकडासुद्धा मोडला नाहीत. माझ्या जावेने तिथल्या तिथे माझ्या कानात सांगितलं, "मुलाकडची बाई आहे, नाक वर असणारच." मी तिला गप्प केलं. घरी येऊन मात्र रडले.

मी समजूत घातली मनाची. म्हटलं, घरंदाज बाई आहे, शिक्षिका आहे, हसतानासुद्धा ओठ उघडत नाही, आपल्यासारखी खिदळणारी नाही. पण नातीच्या बारशालासुद्धा आमच्या घरचा घास चालत नसेल, तर मात्र याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

इथली हकिकत विचारली नाहीत तरी सांगते. मिश्री सुटली आहे, किंवा सुटत आहे. शेजारच्या कुसुमताई इथल्या जुन्या गावकरी. रोज सकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसून मिश्री लावायचो. त्या म्हणतात, "मिश्रीनं दात घट व्हत्यात, आमची आजी लावायची की!" मी विचारलं, आजीला दात किती होते? थोडा विचार करून म्हणाल्या, "दात न्हाई आठवत. मिश्रीची डबी आठवती." आता मी ओट्यावर नुसती बसते आणि बडीशेप चघळते. जीव कासावीस होतो, पण ठमीच्या गालाचा पापा घेताना तोंडाला मिश्रीचा वास नको, या एका गोष्टीवर दिवस निघतो.

ठमी छान आहे. काल हसली. हसली की खालच्या ओठाला तुमच्यासारखी मुरड पडते. मला सांगायचं नव्हतं, तरी सांगितलं.

यशोदा


चिखली,
२१ जानेवारी

प्रिय इंद्रायणीताई,

मागचं पत्र मिळालं असेल तर चुलीत घाला. मिळालं नसेल तर पोस्टमनला चहा पाजा.

आज डॉक्टरांकडे टाके बघायला गेले होते. बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या, आपल्याच वयाच्या, मूळच्या लातूरकडच्या. तोंडावर पदर. मी बोलघेवडी, गप्प बसवत नाही. विचारलं, काय त्रास? आधी मान हलवली, मग पदराआडून म्हणाल्या, "कवळी बसत नाही हो. जेवताना वर येते. चारचौघांत जेवायचं मी सोडूनच दिलंय. सुनेला वाटतं सासूचे नखरे आहेत."

मी आत गेले आणि आधी माझं सोडून त्यांचंच विचारलं. कवळी चांगली करून घेतली तर ती का बसू नये? डॉक्टर म्हणाली, "काकू, कवळीचा दोष नसतो नेहमी. दातांसाठीच ते हाड असतं. बाळाला दात यायला लागतात तसं ते उंच होतं, दात चावतात तोवर टिकतं. दात गेले की त्या हाडाला काही काम उरत नाही, आणि वर्षागणिक ते विरत जातं. कवळी जुन्या हाडाच्या मापाची, आणि खालचं हाड तर राहिलेलंच नाही. मग ती हलणारच."

खुर्चीत मी तोंड उघडून पडले होते, आणि डोळ्यांसमोर तुम्ही. तोंडावरचा पदर. मिटल्या ओठांनी हसणं. वरणभात. साखरपुड्याला चिवडा नको म्हणून नुसता चहा. माझ्या कडक पाकाच्या वड्या. घरी आले आणि दिव्याला लग्नाचा व्हिडिओ लावायला सांगितला. विहिणीच्या पंगतीपाशी थांबवला. ताई, तुम्ही त्या जिलबीकडे किती वेळ बघत होतात! एकदा हातही गेला तिच्याकडे. मग इकडेतिकडे बघून तुम्ही तो मागे घेतलात. तेव्हा मी तुमच्यासमोर वाढपाचं तूप घेऊन उभी होते, आणि मला फक्त उरलेली जिलबी दिसली.

मी काही विचारत नाही. नसेल तसं काही तर या बडबड्या विहिणीला माफ करा. आणि असेल, तर समर्थरावांना मी अवाक्षर बोललेली नाही, दिव्यालाही व्हिडिओ का बघितला ते सांगितलं नाही. आपण दोघी जाणू.

फक्त माझं सांगते. माझ्या पुढच्या खिडकीत सध्या काढघाल करायचे दोन दात बसवलेत. एका खोबणीत हाडाची भुकटी भरली आहे, तिथे हाड धरलं तर पुढे पक्कं काही करता येईल. डॉक्टर म्हणते, अगदी विरलेल्या जबड्यातसुद्धा हाड थोडं उरतं. फोटो काढल्याशिवाय कुणी "आता काही होत नाही" म्हणू नये. कधी कवळी आतून नव्याने भरून घट्ट होते, कधी खालच्या हाडात दोन खुंट्या बसवून तिला पकड देता येते. हे मी आपलं सहज लिहिलं. दवाखाना आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा आहे, हेही सहज.

आता बारशाचं. तुमची भीती काय असेल याचा मी दिवसभर विचार केला. पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, आणि जोरात कुर्रर्र! सगळ्या बायका बघत असणार, मोबाइल धरून पोरं उभी. त्या वेळी काही सुटलं तर? मला माझ्या दोन दातांची भीती वाटली, मग बाकीच्यांचं काय बोलावं. म्हणून मी काय केलं, दात काढून वाटीत ठेवले, दार लावलं आणि उशीच्या कानात कुर्र केलं. ताई, येतं! ब ला ओठ लागतात, फ ला लागतात, कुर्रला काही लागत नाही. तुम्ही हाडाच्या शिक्षिका, र म्हणताना जीभ कुठे जाते ते सांगा बघू. वरच्या दातांच्या मागे, हिरडीच्या कडेला, त्याच बांधावर जाऊन थरथरते. त्याला दात लागत नाहीत. हाड लागतं, आणि तेही जरासं.

मी ठरवलं आहे. बारशाला मी ते दोन दात घालणार नाही. फोटोत खिडकी दिसली तर दिसू दे. ठमीला एकही दात नाही आणि तिला कुणी नावं ठेवत नाही, उलट सगळे तिला हसायला लावतात. पाहुण्यांचं जेवण मी बदललं आहे. चकली, चिवडा, कडक बुंदीचे लाडू बंद. मऊ पुरणपोळी दुधातुपात कुस्करून, साखरभात, कढी, मुगाची खिचडी. कुणी विचारलं तर सांगेन, ज्या बाळाचं बारसं त्याच्या दातांना झेपेल असाच बेत आहे.

तुम्ही यावं असं मला फार वाटतं. दिव्यासाठी वाटतं, ठमीसाठी वाटतं, आणि आता तुमच्यासाठीही वाटतं. माझी माणसं पुष्कळ आहेत, पण तोंडातलं दुखणं जिच्याशी बोलावं अशी एक नाही. कुसुमताईंकडे ते काढलं की त्या डबी पुढे करतात.

तुमचीच,
यशोदा


भूम,
२७ जानेवारी

सौ. यशोदाताई,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. मधलं चुलीत घातलं नाही, ठेवलं आहे. त्यात नातीच्या ओठाची मुरड आहे.

तुम्ही ओळखलंत. घरात कुणी ओळखलं नव्हतं. मला कवळी आहे हे समर्थला माहीत आहे, ती हलते हे माहीत नाही. हिरड्यांचा आजार होऊन माझे सगळे दात गेले तेव्हा तो कॉलेजात होता. पहिली काही वर्षं कवळी छान बसली. मग सैल झाली. मी पावडरी लावल्या, कापूस घातला, पण कुणाला बोलले नाही. वाटलं, आपलीच काही चूक होत असेल, नीट धुतली नसेल, नीट ठेवली नसेल. हाड विरतं हे मला तुमच्या पत्रातून कळलं. आधी खूप रडू आलं आणि मग हलकं वाटलं. माझी चूक नव्हती हे इतक्या वर्षांनी कुणीतरी सांगितलं.

शाळेच्या निरोप समारंभात भाषण करताना "प्रिय मुलांनो" म्हणाले आणि कवळी खाली आली. मुलं हसली. लहानच ती, हसणारच. पण तेव्हापासून पदर तोंडावर गेला तो गेला. मी पहिलीच्या पोरांना ठणठणीत आवाजात बाराखडी म्हणून दाखवणारी बाई.

फोनवर तुम्ही हाड म्हणालात तेव्हा अपमान वाटला हे खरं. पण त्याहून खरं सांगते, थोडी सुटकाही वाटली. न येण्याला कारण मिळालं. कुर्र करताना कवळी सुटून नातीच्या पाळण्यात पडली तर, हे स्वप्न मला दिव्याला दिवस गेल्यापासून पडत होतं. तुमचं पहिलं पत्र आलं आणि ते कारणही गेलं. म्हणून तो फळ्यावरचा निरोप.

त्या जिलबीचं तुम्ही लिहिलंत. तशी जिलबी मी पुन्हा कुठे पाहिली नाही. तुमच्या मांडवात तिचा मान ठेवता आला नाही, याचं मला दोन वर्षं वाईट वाटतं आहे. तुम्ही रडलात हे वाचून फार लागलं.

काल हे शेतावर गेल्यावर मी दार लावलं, कवळी काढून ठेवली आणि रिकाम्या हंड्यात तोंड घालून कुर्र केलं. तुम्ही उशीत केलंत, मी हंड्यात. केवढा घुमला आवाज! बाहेर शेळी ओरडायला लागली. मग पुन्हा केलं, हळू, जीभ कुठे जाते ते बघत. लोक म्हणतात ना, उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी लावली. टेकते, ताई. थोडं हाड आहे अजून.

शनिवारच्या एसटीने आम्ही दोघं निघतो. समर्थला मी आजच फोन केला, नाव विचारलं. त्याने सांगितलं. तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही रविवारी ऐका, तोवर ठमीच म्हणा. सोमवारी सकाळी तुमच्या त्या पोरसवदा डॉक्टरकडे मला घेऊन चला. समर्थलाही बरोबर घेऊ, त्याला सगळं सांगायचं ठरवलं आहे.

बारशाला मीही कवळी घालणार नाही. तुमच्या खिडकीला माझं अख्खं बोळकं सोबतीला. पुरणपोळी आणि खिचडी चालेल, पण बेतात एक भर घाला. जिलबी करा. दुधात भिजवून खाईन, चारचौघांत, पदर न धरता. माझी विहिणीची पंगत अर्धी राहिली आहे.

आणि मी आले की दारातच मोठ्याने काहीतरी म्हणा. "हाड" ऐकू आलं तरी मी आत येणार आहे.

तुमची,
इंद्रायणी